फुकटच्या मुक्कामाची किंमत

निवृत्तीनंतरच्या प्रवासाविषयी या सदरात लिहू लागल्यापासून एक प्रश्न वाचकांकडून वारंवार येतो. घरी जुनी व्हॅन उभी आहे. मुले मोठी झाली, त्यांच्या स्वतःच्या गाड्या आल्या. मग मागची आसने काढून या व्हॅनमध्ये झोपण्याची आणि चार भांड्यांची सोय केली, तर लॉजचे भाडे वाचेल आणि मोजक्या पैशांत देशाटन होईल, असे अनेकांना वाटते. काहींनी तर ‘मुक्काम फुकट’ असाच शब्दप्रयोग केला आहे. सारी नोकरी बँकेत काढलेल्या माणसाला ‘फुकट’ हा शब्द दिसला, की त्याचा हात आपोआप पेनाकडे जातो. म्हणून या महिन्यात या फुकट मुक्कामाचा जमाखर्च मांडून पाहू. उदाहरण दूरचे नको. आमच्या अकोल्याच्या दारातील ओमनीचे आणि गेल्या मार्गशीर्षातील कौंडण्यपूरच्या प्रवासाचे घेऊ.

ज्याला ‘कॅम्पर व्हॅन’ किंवा ‘कॅरावॅन’ म्हणतात, ते चाकांवरचे छोटे घर असते. त्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह एकाच पत्र्याखाली बसवलेले असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले, तेव्हा वृत्तपत्रांतून अशा गाड्यांची सुंदर छायाचित्रे आली होती. ती पाहून मन हरखते. किंमत ऐकून भानावर येते. निवृत्त माणसाच्या पुंजीला एवढे मोठे भगदाड पाडून कोणी प्रवासाला निघू नये. आपल्याकडचा सर्वसामान्य माणूस त्याऐवजी जुन्या व्हॅनचा आधार घेतो. मात्र येथे एक सावधगिरी हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. छत कापणे, पत्रा वाढवणे, पक्का ओटा जोडणे हे उद्योग करू नयेत. जी सोय करायची ती सुटी ठेवावी; सकाळी गाडीत ठेवता यावी आणि घरी आल्यावर अर्ध्या तासात उतरवता यावी.

आपल्या समाजातील तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, की ज्या वाहनाला सारा महाराष्ट्र ‘टेम्पो’ म्हणतो, तो शब्द मुळात एका जर्मन कंपनीच्या नावातला आहे. अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) स्वातंत्र्यसैनिक आणि उद्योजक नवलमल फिरोदिया यांनी त्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो हा उद्योग उभा केला. छोट्या व्यापाऱ्याला परवडेल असे मालवाहू वाहन द्यावे, हा त्यामागील विचार. हॅन्सिट ही तीनचाकी, पुढे मॅटाडोर, त्यानंतर ट्रॅव्हलर अशी वाहने तेथून निघाली आणि २००५ पासून ती कंपनी फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाऊ लागली. लग्नाचे वऱ्हाड, भाजीच्या पाट्या, दिंडीचे सामान आणि यात्रेकरूंचा संघ यांनी या गाड्या एवढ्या वापरल्या, की कंपनीचे नाव सामान्यनाम होऊन बसले. आज पंढरीच्या वाटेवर दिंड्यांच्या मागे तंबू, पातेली आणि शिधा घेऊन जे जुने ट्रक व टेम्पो हळूहळू चालतात, तेच महाराष्ट्राचे खरे ‘कॅम्पर’ होत, असे मला वाटते.

वऱ्हाडात तर ही कल्पना मोटारीहून जुनी आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत यात्रेला जायचे म्हणजे बंडीला तट्ट्या बांधायचा, तळाला कडब्याचा थर देऊन वर सतरंजी पसरायची, पाण्याचा माठ आणि शिध्याची गाठोडी मागे ठेवायची आणि पहाटे बैल जुंपायचे. सधन घरी हलकी दमणी किंवा रेंगी असे. यात्रेच्या ठिकाणी बैल सोडले, की तीच बंडी चार दिवसांचे घर होई. खाली तीन दगडांची चूल, वर निजण्याची जागा. त्या प्रवासाला वेगळा मुक्कामखर्च नव्हता, हे खरे. पण बैलांना वर्षभर वैरण घालावी लागे, याचा हिशेब घरच्या वहीत वेगळ्या पानावर असे. आजच्या व्हॅनचेही तसेच आहे, आणि ते दुसरे पान उघडल्याशिवाय ‘फुकट’ हा शब्द वापरता येत नाही.

आता आमच्या गाडीविषयी. मारुतीची ही व्हॅन १९८४ मध्ये बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. इंजिन अवघे ७९६ सीसीचे, दोन्ही बाजूंना सरकती दारे. आमची ओमनी २००८ ची. मागची आसने काढल्यावर तेथे प्लायवुडच्या दोन सुट्या फळ्या बसतात. त्यांवर कापसाची गादी. झोपताना पुढची आसने पुढे ढकलावी लागतात आणि मला पाय थोडे दुमडावे लागतात; उंच माणसाने या गाडीचा नाद करू नये. फळ्यांखाली सामान: दोन स्टीलचे डबे, पाण्याची कळशी, गाळण्याचे वस्त्र, शिधा, एक घडीची खुर्ची आणि एक घडीचे शौचासन. खिडक्यांना सौभाग्यवतींनी जुन्या साडीचे पडदे शिवले आहेत. या संपूर्ण सजावटीला साडेतीन हजार रुपये लागले, त्यातील निम्मे फळ्यांचे.

अकोल्याहून कौंडण्यपूर जाताना मूर्तिजापूर, अमरावती, मग कुऱ्हा अशी वाट आहे. अकोला ते अमरावती हा महामार्ग आता प्रशस्त आहे. याच मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण करून जागतिक विक्रमाची नोंद झाली होती. त्या गुळगुळीत रस्त्यावरून आमची ओमनी ताशी पन्नास-पंचावन्नच्या वेगाने डाव्या कडेने जाते आणि सारी दुनिया आम्हाला ओलांडून पुढे निघते. अमरावतीपासून कौंडण्यपूर सुमारे ४० किलोमीटर. तिवसा तालुक्यातील हे गाव वर्धा नदीच्या तीरावर वसले आहे. नदीपलीकडे वर्धा जिल्हा, आर्वीचा मुलूख. गाव लहान, पण त्याची स्मृती फार मोठी. विदर्भाधिपती भीष्मकाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून परंपरा या स्थानाला ओळखते. आपल्या हरिवंशकथेतही कुंडिनपुराचे आणि रुक्मिणीचे आख्यान आहेच. तिला रथातून नेताना पाठलाग करणारा तिचा भाऊ रुक्मी पराभूत झाला आणि लज्जेने माहेरच्या नगरीत न परतता त्याने भोजकट नावाचे नगर वसवले, अशी कथा आहे. ते भोजकट म्हणजे अमरावतीजवळचे भातकुली, असे मानले जाते. आपले भगवान आदिनाथांचे भातकुली क्षेत्र तेच. कौंडण्यपूरहून परतताना थोडी वाकडी वाट करून आम्ही तेथे दर्शन घेतले. म्हणजे रुक्मीने रथातून कापलेले अंतर आम्ही ७९६ सीसीत कापले. आमचा कोणी पाठलाग करीत नव्हते, एवढाच फरक.

कौंडण्यपूरला केवळ कथा नाही, पुरावाही आहे. १९६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मो. गं. दीक्षित यांनी येथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहनकाळात आणि त्याआधीही या नदीकाठी माणसे नांदत होती, हे त्यातून दिसले. टेकाडावर उभे राहिले, की खाली वर्धेचे पात्र दिसते. येथूनच रुक्मिणीची पालखी दरवर्षी आषाढीसाठी पंढरपुराकडे पायी निघते. संत सदाराम महाराजांनी १५९४ मध्ये ती सुरू केली, अशी परंपरा आहे. माहेरची पालखी सासरी जाते, अशी भावना त्यामागे आहे. महिनाभराहून अधिक काळ चालणाऱ्या त्या वारकऱ्याच्या खांद्यावर एक पडशी असते. त्याच्या शेजारी आमची गादी, कळशी आणि पडदे पाहिले, की ‘कमी खर्चाचा प्रवास’ हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो, ते कळते.

आम्ही दोन रात्री तेथे राहिलो. गावातील एका ज्येष्ठांना विचारून मंदिराच्या वरच्या अंगाला मोकळ्या जागी गाडी लावली. नदीच्या वाळूत गाडी नेण्याचा मोह होतो, तो आवरावा. वरच्या बाजूला मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा धरण आहे, आणि धरणातून पाणी सोडले, की कोरडे दिसणारे पात्र पाहता पाहता बदलते. परवानगी विचारण्याचा आणखी एक लाभ असा, की विचारले म्हणून ओळख होते. रात्री दोन वेळा कोणीतरी ‘काका, काही लागलं तर सांगा’ म्हणून आवाज देऊन गेले. कुलूपबंद खोलीत ही चौकशी मिळत नाही.

आता वहीचे पहिले पान. जाणे, येणे आणि भातकुलीचा फेरा धरून ३०८ किलोमीटर झाले. ओमनीने लिटरला १४ किलोमीटर दिले, म्हणजे २२ लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपयांप्रमाणे २,३१० रुपये. टोल व वाहनतळ २५०. दूध, भाजी, फळे ३४०. एकूण २,९०० रुपये. दशम्या, कोरडी चटणी, भाजके पोहे आणि मुगाची डाळ घरून नेली होती. मुक्कामाच्या रकान्यात शून्य. येथेच वही मिटली, तर वाचकांचे म्हणणे खरे ठरते.

परंतु दुसरे पान असे आहे. १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीच्या तृतीय पक्ष विम्याचा हप्ता २०२२ पासून २,०९४ रुपये आहे. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून २,४७१ रुपये. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले. आमच्या गाडीचे पासिंग २०२३ मध्ये झाले तेव्हा तेवढेच भरले. पाच वर्षांत विभागले तर वर्षाला १,०००. दुरुस्तीची माझी गेल्या चार वर्षांची सरासरी ८,५०० रुपये. टायर, बॅटरी यांसाठी वर्षाला ६,००० रुपये वेगळे काढून ठेवतो. ही बेरीज सुमारे १८,००० रुपये होते, आणि यात पेट्रोलचा थेंबही नाही, पर्यावरण कर व प्रदूषण प्रमाणपत्रही धरलेले नाही.

आता भागाकार करू. वर्षात गाडीत ६० रात्री काढल्या, तर एका रात्रीला ३०० रुपये पडतात. ३० रात्री काढल्या, तर ६००. आणि बहुतेक कुटुंबांचा खरा आकडा जो असतो, म्हणजे १० रात्री, त्याला १,८०० रुपये. आपल्या तीर्थक्षेत्रांवरील धर्मशाळांत साध्या खोलीला मला आजवर ३०० ते ६०० रुपये लागले आहेत, आणि तेथे पाय पूर्ण पसरता येतात. म्हणजे वर्षात महिनाभर गाडीत निजणाऱ्या माणसाचा ‘फुकट’ मुक्काम धर्मशाळेच्या महाग खोलीएवढा पडतो, आणि दहाच रात्री निजणाऱ्याचा त्याच्या तिप्पट.

प्रवासभाड्याचेही तेच. आपल्या राज्याच्या एसटीत ६५ ते ७५ वर्षांच्या नागरिकांना अर्धे तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास विनामूल्य आहे. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. मी ६७ वर्षांचा. आम्हा दोघांचे मिळून एसटीत एकच पूर्ण तिकीट लागते. २,३१० रुपयांच्या पेट्रोलशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. तेव्हा ज्यांचा एकमेव हेतू पैसे वाचवणे हा आहे, त्यांना माझे स्पष्ट सांगणे आहे, की लाल गाडीत बसा, धर्मशाळेत उतरा आणि जुनी व्हॅन विकून टाका. हिशेब एवढे निःसंदिग्ध उत्तर क्वचितच देतो.

आमचे चिरंजीव पुण्याला असतात. हे दुसरे पान त्यांनी पाहिले आणि तेच उत्तर दिले. ‘बाबा, स्क्रॅपला द्या’, असे ते दर सुट्टीत म्हणतात. शासनाचे स्क्रॅपिंग धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले. अधिकृत केंद्रात जुनी गाडी दिली, तर नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के मोबदला आणि नवे खासगी वाहन घेताना पथकरात २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. लेखाशास्त्राच्या दृष्टीनेही त्यांचे चुकत नाही. आयकराच्या नियमांत मोटारीला साधारणतः १५ टक्के घसारा ह्रासमान शिल्लक पद्धतीने धरतात. दोन लाखांची गाडी या पद्धतीने १५ वर्षांनी सुमारे १७,५०० रुपयांची उरते. म्हणजे मी दरवर्षी गाडीच्या पुस्तकी किमतीएवढी रक्कम तिच्यावर खर्च करतो. बँकेत असताना असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो परत पाठवला असता.

मग गाडी अजून दारात का उभी आहे? याचे उत्तर सौभाग्यवतींनी दिले, आणि ते माझ्या कोणत्याही रकान्यात नव्हते. त्यांचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. धर्मशाळेची खोली बहुधा पहिल्या मजल्यावर मिळते, शौचालय बहुधा बैठे असते आणि एसटीची पायरी उंच असते. लांबच्या प्रवासात पाय मोकळे करण्यासाठी बस थांबवा, असे त्या म्हणणार नाहीत. चिरंजीव आणि मी आकड्यांवर बोलत असताना त्या एवढेच म्हणाल्या, ‘अहो, खोली स्वस्त असेल, पण या गाडीत मला कोणाला काही विचारावं लागत नाही. दुखलं की मी आडवी होते.’ गेल्या चार वर्षांत त्यांनी जे पाहिले, त्यात कारंजा, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, भातकुली आणि आता कौंडण्यपूर आहे. गाडी नसती, तर या यादीत बहुधा एखादेच नाव असते. म्हणजे वर्षाचे १८,००० रुपये हे मुक्कामाचे नसून त्यांच्या बाहेर पडण्याचे आहेत. असा शेरा लिहिल्यावर तोच खर्च मला अवाजवी वाटत नाही. खर्च तोच राहिला. तो कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, ते नीट कळले.

तथापि गाडी ठेवायची म्हणजे तिच्या वयाचा मान राखावा लागतो, आणि येथे प्रश्न पैशाचा उरत नाही, जिवाचा होतो. ओमनीला नाक नाही. चालकाचे पाय आणि पुढचा पत्रा यांत फारसे अंतर नसते. नव्या सुरक्षा निकषांत न बसल्यामुळेच तिचे उत्पादन थांबले. म्हणून साठच्या वर काटा नेत नाही आणि समृद्धी महामार्गाला आम्ही दुरूनच नमस्कार करतो. लांबच लांब काँक्रीट, भरधाव वाहने आणि तापणारे टायर हे जुन्या गाडीचे क्षेत्र नव्हे. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. नक्षी शाबूत दिसली, तरी सहा वर्षांनंतर टायर बदलावा. स्टेपनीचेही वय पाहावे, कारण न वापरलेले रबरही म्हातारे होते. ओमनीचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते, त्यामुळे वऱ्हाडच्या वैशाखात ही गाडी चूल बनते. आमचा प्रवासाचा हंगाम कार्तिक ते फाल्गुन एवढाच. निघण्यापूर्वी मिस्त्रींकडून ब्रेक, बेल्ट, कूलंट आणि खालच्या पत्र्याचा गंज तपासून घेतो.

आणखी तीन गोष्टी. गाडीच्या आत शेगडी कधीही पेटवू नये. अन्न बाहेर, मोकळ्या हवेत शिजवावे किंवा घरून न्यावे. इंजिन चालू ठेवून झोपू नये, कारण धुरातील विषारी वायूला वास नसतो. आणि झोपताना दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटे उघड्या ठेवाव्यात. डासांसाठी जाळीचे कापड लावावे. रात्री गाडी चालवत नाही. याचे श्रेय माझ्या शहाणपणाला नाही, घरच्या रिवाजाला आहे. सूर्यास्तापूर्वी जेवायचे, म्हणजे त्याआधी थांबायचे, म्हणजे उजेडात जागा पाहायची. ज्यांची दृष्टी आणि गाडीचे दिवे दोन्ही मंद झाले आहेत, त्यांना हा रिवाज फार उपयोगी पडतो.

आपल्या गृहस्थधर्मातील बारा व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला कुठवर जायचे, याची मर्यादा आधी ठरवायची आणि ती पाळायची. त्याच गटात थोड्या काळासाठी आणखी आखूड मर्यादा घालणारे देशव्रत आहे, आणि हेतूविना होणारी हिंसा टाळणारे अनर्थदंडविरमण आहे, ज्यात उगाच फिरणेही वर्ज्य मानले आहे. तरुणपणी मला ही व्रते व्यापारी पूर्वजांसाठी असावीत असे वाटे. जुनी गाडी हाती आल्यावर त्यांचा व्यवहारी अर्थ उमगला. आमची मर्यादा अकोल्यापासून दीडशे किलोमीटर. दिवसाला शंभरापेक्षा फारसे अधिक नाही. आणि प्रत्येक प्रवासाला एक ठरलेले ठिकाण. या मर्यादेत खर्च आपोआप राहतो, गाडी तापत नाही आणि माणसेही थकत नाहीत. कौंडण्यपूर इतकी वर्षे एवढ्या जवळ असून पाहिले नव्हते. मर्यादा आखली, तेव्हाच ते तिच्या आत सापडले.

ही व्यवस्था कायमची नाही, हेही वहीत लिहून ठेवले आहे. २०२८ मध्ये गाडी २० वर्षांची होईल. वीस वर्षांपुढील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाले आहे. योगायोग असा, की २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५५ वर्षे ओलांडलेल्या माणसाचा वाहन परवानाही पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो, आणि माझा २०२३ मध्ये घेतलेला परवाना त्याच वर्षी संपेल. तेव्हा मी ७० वर्षांचा असेन. गाडीचे पासिंग आणि माझे पासिंग एकाच वर्षी आहे. आम्ही तिघांनी, म्हणजे सौभाग्यवती, चिरंजीव आणि मी, बसून तीन अटी लिहिल्या आहेत. मिस्त्रींनी चासीला गंज आहे म्हणून सांगितले. नेत्रतज्ज्ञांनी माझ्या दृष्टीविषयी शंका घेतली. किंवा सरत्या वर्षात गाडीत २० रात्रींहून कमी मुक्काम झाला. या तिन्हींपैकी एक जरी घडले, तरी गाडी अधिकृत केंद्रात द्यायची. तिसरी अट चिरंजीवांची आहे आणि ती मला सर्वांत कडक वाटते. गेल्या वर्षीचा आकडा २७ आहे.

ज्या वाचकांनी विचारले, त्यांनी आपल्या व्हॅनची आसने काढण्यापूर्वी एका कागदावर दोन आकडे लिहावेत. एक, गाडी नुसती उभी ठेवण्याचा वर्षाचा खर्च. दुसरा, आपण खरोखर बाहेर काढू अशा रात्री. मनोराज्यातील रात्री त्यात धरू नयेत. मग भागाकार करावा आणि उत्तरासमोर लिहावे, की हे पैसे नेमके कशासाठी देत आहोत. तो शेरा लिहिता आला नाही, तर एसटीचे अर्धे तिकीट काढावे. लिहिता आला, तर मिस्त्रींना बोलवावे, टायरवरचे चार आकडे वाचावेत, दशम्या बांधून घ्याव्यात आणि सूर्य वर आल्यावर सावकाश निघावे.